शेवटचा शब्द बाबांचा: जर्मनीतसुद्धा!

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. मुलं झोपल्यावर निवांत वाचा.

यूट्यूबवरच्या उर्दू मालिका तुमच्याकडेही लागत असतील. मुलीनं शिकायचं की नाही, सुनेनं नोकरी करायची की नाही, सगळं अब्बाजी ठरवतात आणि बाकी घर मान खाली घालून ऐकतं. इथे वाढलेली आपली मुलं चटकन म्हणतात, "तुमच्याकडे असंच असतं, जर्मनीत नसतं." तेव्हा गप्प बसू नका, त्यांना इथलाच कायदा सांगा.

१९०० साली लागू झालेल्या जर्मन नागरी संहितेत, म्हणजे 'बेगेबे'त, कलम १३५४ होतं: संसारातल्या सगळ्या बाबतीत निर्णय नवऱ्याचा. राहायचं कुठे, हेसुद्धा तोच ठरवणार. कलम १३५८ नुसार न्यायालयाची परवानगी घेऊन तो बायकोच्या नोकरीचा करार रद्द करू शकत होता. अब्बाजींना निदान कलम तरी लागत नाही!

१९४९ ची राज्यघटना लिहिणाऱ्या ६५ जणांत बायका फक्त चार. त्यांतल्या कासेलच्या वकील एलिझाबेथ झेल्बर्ट 'स्त्री-पुरुष समान आहेत' या एका साध्या वाक्यासाठी अडून बसल्या. प्रस्ताव आधी फेटाळला गेला. मग देशभरातून बायकांची पत्रं आली आणि वाक्य घटनेत गेलं. जुने कायदे बदलायला १९५३ च्या मार्चअखेरपर्यंत मुदत होती. संसदेनं ती चुकवली. (मुदत चुकवणारे क्लायंट मला चांगले माहीत आहेत.) नवा कायदा लागू झाला तो थेट १ जुलै १९५८ ला, आणि त्यातही मुलांबाबत आईबाबांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द बाबांचाच! तो घटना न्यायालयानं २९ जुलै १९५९ ला रद्द केला. तेव्हा त्या न्यायालयात एकच स्त्री न्यायाधीश होत्या, एर्ना शेफलर.

तरी बायकोनं नोकरी करायची ती घरचं सांभाळून, हे कायद्यात १९७७ पर्यंत राहिलं. ही सगळी गोष्ट पश्चिम जर्मनीची बरं का. लाइपझिग-ड्रेस्डेनवाल्यांनो, तुमच्याकडे समान हक्कांचा कायदा १९५० मध्येच आला होता.

आणि आपल्याकडे? १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक वडील, 'त्यांच्यानंतर' आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायचे ठरवले, तर बँकेला वडिलांची सही हवी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये निकाल लागला की 'नंतर' म्हणजे वडील गेल्यावरच असं नाही, ते लक्ष घालत नसतील तरीही आई पालक. कलमाचे शब्द मात्र तेच राहिले.

आता माझ्या धंद्यातलं. इथे नवरा-बायकोच्या उत्पन्नाची बेरीज करून, अर्धी करून कर काढायची पद्धत १९५८ पासूनची. त्याच्याच जोडीला टॅक्स क्लास तीन आणि पाच. आपल्या बहुतेक घरांत 'तीन' नवऱ्याकडे, 'पाच' बायकोकडे. रिटर्न भरल्यावर वर्षाचा एकूण कर तेवढाच होतो, पण दरमहा हातात येणारा तिचा पगार लहान दिसतो. आणि एल्टर्नगेल्ड किंवा बेकारी भत्ता निघतो तो हातातल्या पगारावरून. हा कागद कुणी सक्तीनं भरायला लावलेला नाही, चार-चार घेता येतं. बाळाचा विचार असेल तर मात्र लवकर बदला, मॅटर्निटी लीव्हच्या तोंडावर बदलून उपयोग होत नाही.