किराणा दुकानातली बाटली : परवाना कुणाचा, नकार कुणाचा?

टेंभुर्णी म्हटलं की पुष्कळांना सोलापूरकडची, माढा तालुक्यातली टेंभुर्णी आठवते. आज आपण बोलतोय ते जालना जिल्ह्यातल्या, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांना समोर धरून. प्रश्न साधा आहे. गावातल्या किराणा दुकानात दारू विकायला ठेवायची की नाही, हे ठरवायचं कुणी?

हा प्रश्न ताजा झाला तो 27 जानेवारी 2022 ला. त्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मंजुरी दिली. अट होती किमान 100 चौरस मीटर जागेची आणि कुलूप लागणाऱ्या वेगळ्या कपाटाची. शाळा आणि देवळाजवळच्या दुकानांना, तसंच दारूबंदीच्या जिल्ह्यांना यातून वगळलं होतं. सरकारचं म्हणणं होतं की द्राक्ष उत्पादकांना यातून बाजार मिळेल. विरोधकांचं म्हणणं, जिथे लेकरू बिस्किटाचा पुडा आणायला जातं तिथे बाटली नको. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने मसुद्यावर लोकांकडून हरकती मागवल्या. जूनअखेर सरकारच बदललं आणि निर्णय अमलात आला नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देई. त्या मक्त्याला गुत्ता म्हणत. दारूच्या अड्ड्याला आपण आजही ‘गुत्ता’ म्हणतो आणि कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’, हे दोन्ही शब्द तिथलेच. दुकान कुठे असावं, हे गावाला विचारायची रीत नव्हती. पैसा खजिन्यात जायचा, म्हणून तर 1947-48 च्या मुक्तिलढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचा एक कार्यक्रम झाला. झाडावर राग नव्हता हो, त्यातून मिळणाऱ्या महसुलावर होता.

तिकडे मुंबई राज्याने 1949 चा दारूबंदी कायदा केला. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे तोच कायदा इथेही लागू झाला. गंमत बघा, आज राज्यात दारूचे परवाने दिले जातात तेही याच कायद्याखाली. नाव दारूबंदीचं, काम परवान्याचं!

सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केलं की दारूचा व्यापार हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. म्हणजे परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे. मग ही सवलत नको म्हणणाऱ्याला किती खटपट करावी लागते?

याचं उत्तर 25 मार्च 2008 च्या आदेशात आहे. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण यादीच्या निम्म्याहून जास्त!

समजा यादीत 1000 बाया आहेत. 700 जणी आल्या. 480 जणींनी आडवी केली, 220 जणींनी उभी. आमदारकीच्या निवडणुकीत याला दणदणीत विजय म्हणतात. इथे मात्र दुकान चालू राहतं, कारण 501 लागतात. जी ऊसतोडीला गेली, जी लग्न होऊन सासरी गेली पण नाव यादीत राहिलं, जी वारली पण नाव कटलं नाही, त्या सगळ्या जणू उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. एवढं असूनही राज्यात कितीतरी गावांनी बाटली आडवी केली, यावरून त्या बायांची जिद्द कळते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. चंद्रपूरमध्ये 2015 ला जिल्हाभर दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये ती उठली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, असं कारण सरकारने दिलं. नुसतं दुकान बंद केल्याने दारू जात नाही, हे खरंच आहे. दुकानदारही आपलाच गाववाला, त्यालाही पोट आहे.

तरीही आम्हाला एक गोष्ट खटकते. परवाना मागणारा एकटा अर्ज करतो, आणि नकार द्यायचा तर निम्म्याहून जास्त गावाला रांगेत उभं राहावं लागतं. 2022 मध्ये हरकती आधी मागवल्या गेल्या, तेव्हा साध्या पत्रालाही वजन होतं. दुकान उघडण्याआधी विचारणं आणि उघडल्यावर बंद करायला लावणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गुत्त्याच्या काळात गावाला विचारतच नव्हते. आज विचारतात, पण बहुतेक वेळा उशिरा. तेव्हा तुमच्या गावात असा अर्ज आला, तर बाजू कोणतीही घ्या, पण बोलायचं ते आधी बोला. आणि मतदार यादीतली नावं आजच तपासून ठेवा.