गाडीच्या विम्याचा कागद ठेवायचा की मोबाईल पुरेसा?

शीळफाट्यावर किंवा पत्रीपुलाजवळ वाहतूक पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली की आपल्यातले बरेच जण अजूनही आधी डॅशबोर्डचा कप्पा उपसतात. झेरॉक्सची घडी सापडते, पण ती गेल्या वर्षीची! खरं तर त्या घडीची आता गरज नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी राज्यांना कळवले की डिजिलॉकर आणि एम-परिवहन ॲपमधली कागदपत्रे मूळ कागदासारखीच ग्राह्य धरावीत. विम्याची माहिती तर कंपन्यांकडून 'वाहन' या सरकारी नोंदीत जाते. तिथे पॉलिसी चालू दिसत असेल तर वेगळा कागद दाखवावा लागत नाही.

मात्र व्हॉट्सॲपवर आलेला पॉलिसीचा फोटो म्हणजे डिजिटल पुरावा नव्हे. डिजिलॉकरमध्येसुद्धा आपण स्कॅन करून चढवलेला कागद चालत नाही, खात्याकडून आलेला 'इश्यूड' कागदच लागतो. इथे आपल्याकडे एक अडचण हमखास येते. आरसीवर 'मो.' आणि आधारवर 'मोहम्मद', किंवा 'शेख'चे स्पेलिंग दोन्हीकडे निराळे. नाव जुळले नाही की आरसी डिजिलॉकरमध्ये येत नाही. दुरुस्ती होईपर्यंत कागद गाडीतच असू द्या.

आम्हाला विचाराल तर पोलिसांच्या पावतीपेक्षा मोठी भीती बनावट पॉलिसीची आहे. नाक्यावरच्या एजंटाने स्वस्तात काढून दिलेला कागद छान रंगीत असतो, नोंदीत मात्र सापडत नाही. विम्याशिवाय गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड एकवेळ भरता येईल. पण अपघातात कुणी दगावले आणि पॉलिसी खोटी निघाली, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली लाखोंची भरपाई मालकाच्या घरादारावर येते.

म्हणून पैसे दिले त्याच आठवड्यात एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदत बघा. नोंद चढायला कधी थोडे दिवस लागतात, तोवर कंपनीने पाठवलेल्या पॉलिसीची प्रिंट गाडीत ठेवा. तरीही दिसली नाही तर एजंटाला विचारत बसू नका, पॉलिसी नंबर घेऊन थेट कंपनीला फोन करा.

एमएच ०४ असो वा एमएच ०५, सेकंडहँड गाडी घेतली असेल तर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. ॲपवर मुदत चालू दिसते म्हणून लोक गाफील राहतात आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

आणि मोबाईलवर सगळे असले तरी एक प्रिंट घरीही ठेवाच. अपघातात फोन फुटतो, नाहीतर मालक हॉस्पिटलात आणि फोन लॉक. अशा वेळी पॉलिसी नंबर आणि कंपनीचा टोल-फ्री नंबर अम्मीच्या किंवा बायकोच्या हाताला लगेच लागेल अशा जागी ती फाईल असावी.