स्मार्टफोन : आरंभीचा इतिहास

दूरध्वनी संभाषण आणि पत्ते, भेटींच्या वेळा, टिपणे इत्यादींची नोंद ही दोन्ही कार्ये करणारे, हातात मावणारे संयुक्त उपकरण. नोंदीसाठी प्रथम स्वतंत्र यंत्रे होती. ब्रिटनमधील सायऑन कंपनीचे ऑर्गनायझर १९८४ मध्ये निघाले. पुढे जपानी बनावटीच्या डिजिटल डायऱ्या भारतातही परिचित झाल्या. भारतात भ्रमणध्वनी सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. दोन्ही उपकरणे बाळगणाऱ्यास डायरीतील क्रमांक पाहून तो दूरध्वनीवर पुन्हा दाबावा लागे. क्रमांक बदलल्यास दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागे.

ही दुहेरी नोंद टाळण्याचा आरंभीचा प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील आयबीएमचा सायमन (१९९४). तथापि त्याची विद्युत् घटमाला संभाषणास सुमारे एक तासच पुरे. नोकिया ९००० कम्युनिकेटरचे (१९९६) वजन सु. ४०० ग्रॅम होते. त्याच वर्षी जेफ हॉकिन्स यांचा पायलट हा सुटसुटीत नोंदसंगणक आला. त्यात दूरध्वनी नव्हता. हॉकिन्स यांच्याच हँडस्प्रिंग कंपनीने २००२ मध्ये ट्रीओ आणला. त्यात पत्त्यांच्या यादीतील नाव निवडताच दूरध्वनी लावता येई. एकत्रीकरणाचे खरे मर्म हेच होय.

याबरोबर परावलंबनही वाढले. पायलट दोन साध्या घटांवर काही आठवडे चाले. संयुक्त उपकरणाचा घट मात्र वारंवार भारित करावा लागे व तो संपताच संभाषण आणि पत्ते दोन्ही एकदम दुरावत. साहजिकच नोंदींची प्रत संगणकावर ठेवण्यास अधिक महत्त्व आले.