पडद्यावरचे चार चेहरे

पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारोख बलसाराने, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरीने रचलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे क्वीन या ब्रिटिश बँडचे गीत ऑक्टोबर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद; रेडिओच्या दृष्टीने अवाजवीच. खरी अडचण मात्र निराळी होती. (१/३)

मधल्या ऑपेरासदृश भागात ऐकू येणारा जमाव म्हणजे वस्तुतः तीनच कंठ: मर्क्युरी, मे आणि टेलर. आपलेच आवाज ध्वनिफितीवर थरावर थर चढवून त्यांनी तो उभा केला होता. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये चौघांनी नुसते ओठ हलवले असते, तर हसेच झाले असते. शिवाय दौराही तोंडावर आला होता. (२/३)

तेव्हा १० नोव्हेंबरला एल्स्ट्री येथे दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी अवघ्या काही तासांत चित्रफीत पूर्ण केली. अंधारातले चार चेहरे 'क्वीन टू'च्या मुखपृष्ठावरचे, मिक रॉक यांनी टिपलेले. आणि चेहऱ्यांची ती दूरवर विरत जाणारी रांग? कॅमेरा मॉनिटरवरच रोखला, इतकेच! गीत सलग ९ आठवडे अग्रस्थानी राहिले. 'पहिला म्युझिक व्हिडिओ' ही बिरुदावली मात्र मला मान्य नाही. बीटल्सच्या प्रचारफिती आधीच्याच. मैफलीत तो भाग आला, की चौघेही रंगमंचावरून निघून जात आणि ध्वनिफीत वाजत राही. (३/३)