प्रकल्प-व्यवस्थापन : पारंपरिक व लवचिक पद्धती

आराखडा, खर्च व मुदत आधी ठरवून काम क्रमाने पुरे करणे, ही प्रकल्प-व्यवस्थापनाची पारंपरिक पद्धती होय. उपयोगात येईल असा लहान भाग आधी पुरा करून अनुभवानुसार पुढील काम ठरविणे, ही लवचिक पद्धती. दुसरीचा जाहीरनामा संगणक-आज्ञावलीच्या क्षेत्रातील सतरा जणांनी २००१ मध्ये काढला. तिच्यातील टप्प्यांचे तत्त्व मात्र बरेच जुने आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई–ठाणे मार्ग १८५३ मध्ये, कल्याणपर्यंतचा १८५४ मध्ये व चिखलोलीच्या परिसरातून जाणारा कल्याण–खोपोली मार्ग १८५६ मध्ये खुला केला. प्रत्येक तुकड्यावर लगेच वाहतूक सुरू होई. १८५८ मध्ये खंडाळा–पुणे मार्गही सुरू झाला; मधला बोरघाट प्रवासी पालखीतून वा तट्टावरून ओलांडीत.

घाटातील कामाची अशी विभागणी शक्य नव्हती, कारण अर्धवट बोगद्यातून गाडी जात नाही. जेम्स बर्कली यांच्या आराखड्यात पंचवीस बोगदे होते व सर्व काम विल्यम फॅव्हिएल या एकाच कंत्राटदाराकडे होते. मजुरी थकल्याने १८५९ च्या आरंभी मजुरांचा दंगा झाला आणि फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने काम तडीस नेले. पटकीने व अपघातांनी असंख्य मजूर दगावले. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला. मुदत पाळली गेली नाही, आराखडा मात्र बव्हंशी टिकला. तरीही १८६७ मध्ये घाटातील एक मोठा कमानी पूल कोसळला व तो पुन्हा बांधावा लागला.