धर्मप्रांतीय न्यायासनाचे वकील : ओळख आणि कार्य

धर्मप्रांतीय न्यायासनाचे नाव निघाले की आपल्या अनेक भाविकांच्या मनात धास्ती उभी राहते. 'तेथे जायला ओळख लागते, पैसा लागतो, आपली अब्रू चव्हाट्यावर येते,' असे समज धर्मग्रामांत सर्रास ऐकू येतात. परिणामी मोडलेल्या संसाराचे दुःख उराशी धरून कित्येक जण वर्षानुवर्षे गप्प राहतात. या न्यायासनात पक्षकारांना साहाय्य करणारे आणि सत्याची राखण करणारे कायदेतज्ज्ञ नेमण्याची तरतूद ख्रिस्तसभेने केली आहे, याची मात्र फारच थोड्यांना कल्पना असते. या तरतुदीची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

न्यायासनाची रचना

धर्मप्रांतात न्यायदानाचा मूळ अधिकार महागुरुस्वामींचा. तो अधिकार ते न्यायप्रमुख, म्हणजे ज्युडिशियल व्हिकर, यांच्यामार्फत चालवतात. आजचे पोपमहोदय लिओ चौदावे यांनीही धर्मगुरू असताना पेरू देशातील त्रुहियो महाधर्मप्रांतात हे पद सांभाळले होते. विवाहाच्या वैधतेचा खटला साधारणतः तीन न्यायाधीशांपुढे चालतो. अध्यक्ष धर्मगुरू असावा लागतो; उरलेले दोघे प्रापंचिकही असू शकतात. सर्व कागदपत्रे नोटरी साक्षांकित करतात. त्यांच्या सहीवाचून कागदाला किंमत नाही.

पक्षकाराचा वकील

ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील कलम 1490 अन्वये प्रत्येक न्यायासनाने शक्य तेथवर स्वतःचे स्थायी वकील नेमावेत आणि त्यांचे मानधन न्यायासनानेच द्यावे. पक्षकाराची इच्छा असल्यास हे वकील विशेषतः विवाहविषयक खटल्यांत त्याची बाजू मांडतात. 2005 साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या 'दिग्नितास कोन्नुबी' या मार्गदर्शिकेने आणखी एक पाऊल टाकले. अर्ज करता येईल का आणि तो कसा करावा, याचा सल्ला कोणालाही विनासायास मिळावा म्हणून प्रत्येक न्यायासनात एखादे कार्यालय किंवा एखादी व्यक्ती असावी, असे तिने सांगितले.

वकील सज्ञान, चारित्र्यवान आणि धर्मकायद्याचा खरा जाणकार असावा लागतो. महागुरुस्वामींची मान्यताही त्याला आवश्यक असते. पक्षकाराकडून अवाजवी पैसा उकळणे त्याला निषिद्ध आहे. गरिबांना विनामूल्य साहाय्य अथवा खर्चात सवलत मिळावी, असेही कायदा सांगतो. तेव्हा केवळ पैशाअभावी कोणी दारातून परत फिरू नये.

विवाहबंधनाचा रक्षक

दुसरे अधिकारी म्हणजे विवाहबंधनाचे रक्षक, डिफेंडर ऑफ द बाँड. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी 1741 साली हे पद निर्माण केले. त्याकाळी काही ठिकाणी विवाह फार सहजपणे अवैध ठरवले जात. त्याला आळा घालणे हा त्यांचा हेतू होता. विवाह वैध होता असे दाखवणारे जे जे रास्त मुद्दे असतील, ते सारे न्यायाधीशांपुढे मांडणे हे या रक्षकाचे काम. त्यांना न बोलावता चालवलेले कामकाजच निरर्थक ठरते.

हे रक्षक आपल्या विरोधात आहेत, असे अर्जदाराला वाटणे साहजिक आहे. पण ते कोणा व्यक्तीच्या विरोधात उभे नसतात. दोन्ही बाजू तपासल्यावाचून न्यायाधीशांना आवश्यक ती नैतिक खात्री होत नाही. अर्जदाराला उद्या निर्धास्त मनाने नवा संसार थाटायचा असेल, तर त्याचा निर्णय अशा कसोटीवर उतरलेला असणे त्याच्याच हिताचे आहे. शिवाय जो जोडीदार न्यायासनापुढे येतच नाही, त्याच्या विवाहाच्या बाजूनेही कोणीतरी बोलणारे असते.

निर्णयाचा अर्थ

न्यायासन घटस्फोट देत नाही. विवाहाच्या क्षणी संमती सदोष होती का, सक्ती, फसवणूक किंवा गंभीर मानसिक असमर्थता होती का, याचा ते शोध घेते. तसे सिद्ध झाल्यास विवाह मुळातच वैध नव्हता, असे घोषित होते. येथे एका भीतीचे निरसन करणे आम्हांला अगत्याचे वाटते. पती-पत्नींपैकी एकानेही सद्‌भावनेने केलेल्या अशा विवाहातील मुले औरसच राहतात. आईबापांच्या अर्जाने मुलांना कोणताही कलंक लागत नाही.

पूर्वी दोन न्यायासनांचे एकसारखे निकाल लागत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली केलेल्या सुधारणेनुसार, 8 डिसेंबर 2015 पासून, अपील न झाल्यास एकच निकाल पुरतो. पती-पत्नी दोघांची संमती असून पुरावा उघड असल्यास महागुरुस्वामी स्वतः संक्षिप्त पद्धतीने निर्णय देऊ शकतात. पहिल्या स्तरावरील खटला एका वर्षापलीकडे लांबू नये, अशी कायद्याची अपेक्षा आहे. न्यायाधीश आणि कर्मचारी गोपनीयतेने बांधलेले असतात.

नागरी कायद्याचे भान

आपल्या देशात ख्रिस्ती विवाहाचा नागरी विच्छेद 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार होतो. 2001 च्या दुरुस्तीने त्यात परस्परसंमतीची तरतूद आली. ख्रिस्तसभेच्या न्यायासनाचा निर्णय नागरी घटस्फोटाची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली स्पष्ट केले. 2017 साली अशा निर्णयांना नागरी मान्यता मागणारी याचिकाही फेटाळली. म्हणून नागरी न्यायालयाचा हुकूमनामा हाती नसताना पुनर्विवाह करणे धोक्याचे आहे. गोव्यात नागरी कायदा निराळा असल्याने तेथील भाविकांनी स्थानिक सल्ला घ्यावा.

पहिले पाऊल

आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे. बाप्तिस्म्याचा व विवाहाचा दाखला आणि असल्यास नागरी न्यायालयाची कागदपत्रे सोबत ठेवावीत. घडलेला वृत्तान्त, स्वतःच्या चुकांसह, प्रामाणिकपणे लिहून काढावा. केवळ विभक्त राहणारी किंवा घटस्फोट झालेली पण पुनर्विवाह न केलेली व्यक्ती त्या कारणास्तव ख्रिस्तप्रसादाला मुकत नाही, हेही सर्वांनी ध्यानी घ्यावे आणि शेजारपाजारी सांगावे.

निर्णय अर्जदाराच्या मनासारखा लागेलच, असे वचन कोणीही देऊ शकत नाही. परंतु त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाईल, हा त्याचा हक्क आहे. तो हक्क बजावण्यास संकोचलेल्या भावाबहिणींना आपण धीर द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.