छातीवरची पदके आणि अमीर अब्दुल कादिर

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने एक जुने छायाचित्र टाकले. पांढरा बुरनूस, काळी दाढी, शांत डोळे आणि छातीवर पदकेच पदके. एका परदेशी लिलावाच्या जाहिरातीत त्याला ते सापडले होते. खाली त्याने लिहिले, 'खरा मुसलमान असा असतो.' तासाभरात मामूंचे उत्तर आले, 'फिरंग्यांची पदके मिरवणारा कसला मुजाहिद?' मग दोघांची जुंपली. मला वाटते, दोघांनीही पदकेच पाहिली, माणूस पाहिला नाही.

हे अल्जेरियाचे अमीर अब्दुल कादिर. असे छायाचित्र त्या काळी पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवून विकले जाई. डिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने 1854 साली एकाच काचेवर अनेक छब्या घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि छायाचित्र स्वस्त झाले. राजे, नट्या, सेनापती यांची कार्डे लोक हौसेने अल्बममध्ये लावू लागले. 1865 साली अमीर पॅरिसला आले, तेव्हा एत्येन कार्जा याने त्यांची छबी टिपली. कालचा शत्रू आता दिवाणखान्यातल्या अल्बममध्ये जाऊन बसला.

कालचा शत्रू म्हणजे कोण, हे त्या कार्डावर दिसत नाही. 1832 पासून पंधरा वर्षे हा माणूस फ्रान्सशी लढला. त्या युद्धात फ्रेंच फौजेने गावे आणि उभी पिके जाळली. 1845 साली दाहराच्या गुहांत आसरा घेतलेल्या शेकडो माणसांना, बायकामुलांसकट, धुराने गुदमरून मारले. डिसेंबर 1847 मध्ये अमिरांनी शस्त्र खाली ठेवले, ते अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे जाऊ देण्याच्या वचनावर. ते वचन मोडले गेले. त्यांना तुलाँ, पो आणि शेवटी अँब्वाजच्या किल्ल्यात डांबले. अँब्वाजला त्यांच्या गोतावळ्यातल्या पंचवीस जणांच्या कबरी आहेत. 1852 साली सुटका झाली, तीही मायदेशी न परतण्याच्या अटीवर.

पुढे ते दमास्कसला राहिले. जुलै 1860 मध्ये तिथे ख्रिस्ती मोहल्ल्यांवर जमाव तुटून पडला. अमीर आपल्या अल्जेरियन साथीदारांसह रस्त्यावर उतरले, हजारो लोकांना आसरा दिला आणि दारावर आलेल्या जमावाला परतवून लावले. म्हणून फ्रान्सने 'लेजियाँ द'ऑनर'चा सर्वोच्च किताब दिला, पोपनेही सन्मान केला.

मामूंना माझे म्हणणे एवढेच की, ही वागणूक पदकांसाठी नव्हती. फ्रेंचांशी लढाई चालू असतानाच अमिरांनी कैद्यांना सन्मानाने वागवण्याचा हुकूम काढला होता. 1841 साली अल्जियर्सचे बिशप द्युप्युश यांच्याशी बोलणी करून त्यांनी कैद्यांची अदलाबदल केली. तेव्हा त्यांना कोण पदक देणार होते? हेच बिशप पुढे त्यांच्या सुटकेसाठी झटले.

आणि भाच्याला सांगायचे ते असे. कॉकेशसचे इमाम शामिल तेव्हा रशियाच्या कैदेत होते. त्यांनी अमिरांचे अभिनंदन करणारे पत्र पाठवले. अमिरांनी उत्तर दिले की, शरियत आणि माणुसकीने जे बंधनकारक होते तेच मी केले. फ्रान्सशी लढणे आणि दमास्कसचे शेजारी वाचवणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकाच दीनमधून आल्या होत्या. 'चांगला मुसलमान' म्हणून दमास्कस घ्यायचे आणि पंधरा वर्षांची लढाई पुसायची, ही फ्रेंच अल्बमची रीत झाली. ती आपण का उचलावी?

1883 साली अमीर दमास्कसमध्येच वारले. त्यांचे अवशेष स्वतंत्र अल्जेरियात 1966 साली परतले.

ग्रुपवर मी एवढेच लिहिले, 'पदकांवर अंगठा ठेवा आणि मग चेहरा पाहा.' मामूंचे उत्तर अजून आलेले नाही. भाच्याने मात्र खालची ओळ काढून टाकली आणि तिथे त्यांचे नाव लिहिले.